आधी इंटरनेट जातं

कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात मी बरीच वर्षं घालवली, तीही तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये प्राचार्य म्हणायचे, यंदा तुम्हाला कायम करण्याचं बघतो, आणि दर मार्चमध्ये त्यांची नजर अधू व्हायची. शेवटी मी तो नाद सोडला. तोवर पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्यांचं पीक आलं होतं. तिथे इंजिनिअर रग्गड होते, पण आपण काय बनवलंय हे चार सरळ वाक्यांत सांगू शकेल असा माणूस मिळणं मुश्कील. येरवड्याच्या पुढे काचेच्या इमारतीत असलेल्या एका कंपनीनं मला घेतलं आणि 'टेक्निकल रायटर' असा भारदस्त हुद्दा दिला. सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची पुस्तकं मी लिहायची.

माझे यजमान बँकेत होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मिक्सरच्या खोक्यात जो कागद असतो, तो तू लिहिणार."

मी हो म्हटलं. तो कागद कोणी वाचत नाही, हे त्यांनी पुढे सांगितलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं.

आमच्या मजल्याच्या मागच्या खिडक्यांतून तुरुंगाची भिंत आणि तुरुंगाची शेती दिसायची. परदेशी पाहुणे आले आणि त्यांनी त्या हिरवळीबद्दल विचारलं, की आमचे मॅनेजर "गव्हर्न्मेंट कॅम्पस" असं सांगायचे. हे मॅनेजर दोन वर्षं अमेरिकेत राहून आले होते. जन्म गेला होता शनिवार पेठेत, पण तिथून येताना ते मराठीतली क्रियापदं विमानतळावरच विसरून आले असावेत. बोलताना मधे मराठी शब्द यायचा तो फक्त 'म्हणजे'. अडचणीच्या कुठल्याही गोष्टीला ते 'सिच्युएशन' म्हणायचे. एसी बंद पडला तरी सिच्युएशन आणि कोणाचे वडील गेले तरी सिच्युएशन.

कंपनीत माझ्या आडनावाचा आणि माझ्याच आद्याक्षराचा आणखी एक माणूस होता. हा अकोल्याचा, तिशीतला, टेस्टिंग विभागात. म्हणजे इंजिनिअरांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायच्या, हे त्याचं काम. आमचं आडनाव कृष्णेपासून वर्धेपर्यंत पसरलेलं असल्यामुळे हा योग कधी ना कधी यायचाच होता. मी आधी लागले होते म्हणून माझं लॉगिन आडनाव आणि आद्याक्षर असं साधं होतं. त्याचं अगदी तेच, फक्त शेवटी दोनचा आकडा. तो आकडा टाकायला लोक हमखास विसरत. मग त्याच्या मेल मला यायच्या. कुठल्या बटणावर काय गडबड आहे याचे अहवाल, वारज्याच्या त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये टाइल्स कुठल्या घालायच्या यावर बिल्डरशी चाललेला वाद, आणि एकदा तर मामानं पाठवलेलं एका मुलीचं स्थळ. ते मी पुढे पाठवताना खाली लिहिलं होतं की मुलगी मला पसंत आहे. त्यावर तो स्वतः माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हीच पाहून घ्या ना मग. मी कुठं सुट्टी काढून अकोल्याला जाऊन राहिलो." तेव्हापासून आमची ओळख झाली. चहाला भेट झाली की तो मला मोठी बहीण म्हणून चार गोष्टी विचारायचा आणि त्यातली एकही ऐकायचा नाही.

मग अमेरिकेत मंदी आली. ती येरवड्यात पोचली ती कॅन्टीनमधल्या बिस्किटांच्या वाटेनं. फुकटची क्रीमची बिस्किटं गेली, त्यांच्या जागी साधी आली, मग तीही गेली. मग कोपऱ्यातल्या कुंड्या गेल्या. एचआरच्या बाई मात्र जास्तच हसतमुख झाल्या. या बाई सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारत आणि दर शुक्रवारच्या मेलमध्ये आपण सगळे एक फॅमिली आहोत असं लिहीत. आमच्या घरी आपण एका कुटुंबातले आहोत याची आठवण फक्त भांडणात करून दिली जायची. त्यामुळे दर शुक्रवारी मला जरा अस्वस्थ वाटायचं.

अशातल्याच एका सोमवारी सकाळी माझं इंटरनेट बंद पडलं.

ऑफिसातल्या ऑफिसात मेल जात होती, पण बाहेरची एकही वेबसाइट उघडेना. शेजारच्या सगळ्यांचं चालू होतं. मला अमेरिकेतल्या ग्राहकाच्या साइटवर पुस्तकाचं एक प्रकरण चढवायचं होतं, म्हणून मी आयटी सपोर्टला फोन लावला. तिथल्या माणसानं विचारलं, कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू केलात का. केला होता. केबल नीट बसली आहे का पाहिलंत का. पाहिली होती. शेजाऱ्याचं चालतंय का. चालत होतं. हे प्रश्न मला तोंडपाठ होते, कारण 'इंटरनेट चालत नसेल तर' हे कंपनीचं घरगुती मार्गदर्शक मीच लिहिलं होतं. तो माझंच लिखाण मला वाचून दाखवत होता, आणि वाचताना स्वल्पविरामावर थांबतही नव्हता.

थोड्या वेळानं तो स्वतः आला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात स्क्रू ड्रायव्हर, कपाळावर एक कायमची आठी. माणूस सरळ होता आणि त्याचं कोणाशी वाकडं नव्हतं, फक्त लोक आपल्याला उगाचच बोलावतात असा त्याचा समज होता. त्यानं केबल बदलली. मग भिंतीतलं भोक बदललं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी उमटवून त्या गंभीरपणे वाचल्या. काही होईना.

तोवर बातमी पसरली होती. आमच्याकडे कोणाचा कॉम्प्युटर बिघडला की बाकीचे आपलं काम सोडून सल्ला द्यायला येत, बस बंद पडल्यावर उतरून बॉनेटभोवती उभे राहतात तसे. एकाचं मत पडलं की व्हायरस आहे. दुसऱ्यानं सांगितलं, मॅडम, तुम्ही स्क्रीनसेव्हरला गणपती ठेवलाय तो फार जड आहे. इमारतीची देखभाल बघणारे गृहस्थ आले आणि त्यांनी उंदरावर संशय घेतला. त्यांचा सगळ्याच बाबतीत उंदरावर संशय असे. शिडी आली. छताच्या दोन फळ्या उघडल्या गेल्या, एक माणूस कमरेपर्यंत वर गेला आणि तिथून धूळ पाडत राहिला. उंदीर सापडला नाही. एक जुनी चहाची कपबशी सापडली. ती कोणाची यावर बराच वेळ चर्चा झाली.

दुपारी जेवणानंतर सपोर्टच्या माणसाला एक गोष्ट सुचली. माझ्या कॉम्प्युटरवर त्यानं स्वतःचं लॉगिन टाकलं. इंटरनेट धडधडीत सुरू. ते काढून परत माझं टाकलं. बंद. म्हणजे केबल, भोक, छत, उंदीर, सगळे निर्दोष होते. जो काही दोष होता तो माझ्या नावात होता. तो म्हणाला, सर्व्हर रूममध्ये जाऊन बघून येतो.

गेला तो बराच वेळ आला नाही, आणि आला तेव्हा बदलून आला होता. कपाळावरची आठी गेली होती. माझ्या टेबलापासून जरा लांबच उभा राहून तो म्हणाला, "मॅडम, थोडा वेळ लागेल याला. तुम्ही काळजी करू नका. पाणी आणू का तुमच्यासाठी?"

पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला याच्यासारखी धोक्याची सूचना दुसरी नाही. आमच्याकडे खेकसणं हा प्रकृती ठीक असल्याचा पुरावा असतो. दुकानदार आपुलकीनं बोलायला लागला की माल शिळा आहे हे ओळखायचं. ज्या माणसानं मला कधी धड नमस्कारही केला नव्हता, तो मला पाणी विचारत होता. मी काय झालंय असं विचारलं, तर तो म्हणाला, प्रोसेस चालू आहे. कसली प्रोसेस ते त्यानं सांगितलं नाही आणि घाईनं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ही नम्रता साथीसारखी मजलाभर पसरली. मी आत शिरले की बोलणी थांबत आणि मग एकदम सुरू होत, तीही हवामानावर. मॅनेजर समोरून आले, थबकले, आणि त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. माझे गुडघे उत्तम होते. एचआरच्या बाईंनी मला वाटेत गाठून विचारलं, तुझे मिस्टर बँकेत असतात ना, किती छान, किती सिक्युअर. मुलगी शिकते आहे का अजून? इंजिनिअरिंगला? अरे वा, मग काय, सेटलच झाली. माझ्या आयुष्यात एवढं काही छान आहे हे मला त्यांच्याकडून कळत होतं.

शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसायची, जेमतेम पंचविशीची, प्रोग्रॅमर. तिनं संकोचत संकोचत विचारलं, मॅडम, तुमची खुर्ची पाठीला बरी आहे ना? मी हो म्हटलं. ती म्हणाली, नाही, सहज विचारलं. आणि मग थोड्या वेळानं, तुमच्या खिडकीतून ऊन येतं का हो दुपारी? घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळल्यावर भाडेकरू खोल्यांची मापं घेतात, तसा तो प्रकार होता. मला राग यायला हवा होता. पण ती बिचारी खरोखरच पाठदुखीनं हैराण होती, आणि निदान मला दिसेल अशा पद्धतीनं मापं घेत होती. बाकीचे गुडघ्यांची चौकशी करत होते.

संध्याकाळी घरी यजमानांना मी सगळं सांगितलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच त्यांनी निदान केलं.

"तुला काढलंय," ते म्हणाले. "आमच्याकडे आधी कारणे दाखवा नोटीस येते. तुमच्याकडे आधी इंटरनेट जातं."

मी म्हटलं, असं कसं होईल, काढायचं तर सांगतील की. त्यावर त्यांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की प्राचार्यांची सगळी वर्षं माझ्या डोळ्यांपुढून गेली. मग मात्र ते उठले, स्वतः चहा केला आणि मला आणून दिला. त्या चहानं माझी उरलीसुरली आशाही संपली.

रात्री झोप आली नाही असं मी म्हणणार नाही. आली. पण उठले ती चिडलेली उठले. काढल्याचं दुःख होतं, पण तेवढंच नव्हतं. मंदी होती, माणसं जात होती, माझ्यासारखी मिक्सरचे कागद लिहिणारी आधी जाणार हे मला समजत होतं. चीड होती ती शिडीची. माझ्या डोक्यावर धूळ पाडणारा तो माणूस, ते गुडघे, तो उंदीर. एक वाक्य तोंडावर बोलायला लागू नये म्हणून एवढ्या शिकल्यासवरलेल्या माणसांनी हा वग लावला होता.

बुधवारी सकाळी मी पर्स टेबलावर ठेवून थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि विचारलं, मला काढलंय का.

ते दचकले. खुर्ची थोडी मागे गेली. मग ते बराच वेळ बोलले. बोलण्यात मार्केट होतं, लीन होतं, 'म्हणजे' होतं आणि अर्थातच सिच्युएशन होती. मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, "अहो, मी इंग्रजी शिकवलंय. एवढ्या इंग्रजीत काही चांगलं नसतं. हो की नाही, तेवढं सांगा."

ते म्हणाले की हे त्यांच्या अखत्यारीत नाही, एचआरकडे जा. एचआरकडे जाताना माझ्या लक्षात आलं की मॅनेजरही मागून येताहेत, जरा अंतर ठेवून. लग्नात नको असलेल्या पाहुण्याला वाटेला लावताना कोणीतरी फाटकापर्यंत जातं, तसे.

एचआरच्या बाईंनी मला बसवलं, टिश्यूचा खोका माझ्याकडे सरकवला आणि दार लावलं. मॅनेजर दाराला टेकून उभे राहिले. बाई म्हणाल्या, खरं तर हे शुक्रवारी सांगायचं होतं, पण तू स्वतःच आलीस, आय रिस्पेक्ट दॅट. टेस्टिंगसारखे विभाग कमी करताना कंपनीला किती जड जातंय हे त्या सांगू लागल्या. मी म्हटलं, मी टेस्टिंगमध्ये नाही.

बाई थांबल्या. त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे, मग परत पडद्याकडे. मॅनेजर दारापासून पुढे आले आणि तेही पडद्यात डोकावले. बाहेर कोणाचा तरी प्रिंटर कुरकुरत होता. आणि मग, काय घडलंय ते मला कळण्याआधी बाईंच्या चेहऱ्यावर हसू उगवलं. खरं हसू, दोन दिवसांतलं पहिलं.

"गुड न्यूज!" त्या म्हणाल्या. "तू नाहीच आहेस. लॉगिनच्या शेवटी दोन टाकायचा राहिला."

मॅनेजर हसले. त्यांनी चक्क माझ्याशी हात मिळवला, जणू मी काही परीक्षा पास झाले होते. बाईंनी फोन उचलून सपोर्टला दोन वाक्यं सांगितली. मग मला सांगितलं की हे अगदी कॉन्फिडेन्शियल ठेव, त्याला शुक्रवारीच सांगायचं आहे, उगाच त्याला आधीपासून टेन्शन नको. मी टिश्यूचा खोका त्यांच्याकडे परत सरकवला आणि बाहेर आले.

टेबलाशी येऊन पाहिलं तर इंटरनेट चालू होतं. शिडी नाही, केबल नाही. शेजारची मुलगी खुर्चीबद्दल काही न बोलता काम करत होती, पण तिचा चेहरा उतरला होता.

मी बसले नाही. कॉन्फिडेन्शियल हा शब्द मी पुस्तकांच्या पहिल्या पानावर शेकडो वेळा लिहिला आहे आणि त्याचा अर्थ मला नीट माहीत आहे. पण दोन दिवस ज्या पाण्यातून मी गेले होते त्यात आता दुसऱ्याला ढकलायचं आणि काठावर उभं राहून त्याच्या गुडघ्यांची चौकशी करायची, हे मला जमणार नव्हतं. मी टेस्टिंगमध्ये गेले. तो कॉम्प्युटरच्या मागे वाकून केबल चाचपत होता.

मला बघून म्हणाला, "मॅडम, तुमचं नेट बंद होतं ना दोन दिवस? आता माझं गेलं पाहा. तुमच्याकडून लागण झाली वाटते."

मी त्याला म्हटलं, चल, चहा घेऊ. गच्चीवरच्या कॅन्टीनमध्ये त्या वेळी कोणी नव्हतं. समोर तुरुंगाच्या शेतात पांढऱ्या कपड्यांतले कैदी कसलीशी भाजी खुडत होते. मी त्याला आडवळणं न घेता सांगितलं. तुला काढलंय, शुक्रवारी सांगणार आहेत, चुकून माझं नाव लागलं होतं म्हणून मला कळलं. सांगताना माझ्या आवाजात शिक्षिकेचा सूर आला असावा, कारण तो अगदी वर्गात बसल्यासारखा ऐकत होता.

पहिल्यांदा तो हसला. मग त्यानं कप खाली ठेवला. आईवडील पुढच्या महिन्यात वारज्याच्या फ्लॅटवर यायचे होते, अकोल्याचं घर आवरून, कायमचे. सामान बांधायला घेतलं होतं. ते तो मला सांगत नव्हता, मला माहीतच होतं. त्याच्या बिल्डरच्या मेलसुद्धा मीच वाचल्या होत्या.

तो म्हणाला, "दोन दिवस तुम्ही हे एकट्याच घेऊन बसल्या होत्या?"

मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग मला तुम्ही आजच सांगितलं ते बरं केलं."

त्याच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, आणि ऑफिसचा आता मुका झाला होता. मी त्याला म्हटलं, माझ्या टेबलावर चल. तो नको नको म्हणत होता, तुम्हाला त्रास होईल म्हणाला. मी म्हटलं, या लॉगिनवर दोन दिवस तुझा त्रास मी काढलाय, आता थोडा फायदा तू काढ. दुपारभर तो माझ्या त्या पाठीला बऱ्या खुर्चीवर बसून माझ्या नावानं चालणाऱ्या इंटरनेटवरून नोकऱ्यांचे अर्ज पाठवत होता. मी शेजारी स्टूल घेऊन त्याचा बायोडेटा तपासत होते. 'आय अ‍ॅम हॅविंग' असं त्यानं पाच ठिकाणी लिहिलं होतं. ते मी पाचही ठिकाणी खोडलं. आपण चुका शोधण्यात पटाईत आहोत असं ज्या वाक्यात लिहिलं होतं, त्यात दोन चुका होत्या.

मधेच सपोर्टचा माणूस मजल्यावर आला. त्यानं आम्हाला पाहिलं, पडद्यावर काय आहे ते पाहिलं, आणि त्याच्या कपाळावर पुन्हा आठी आली. मला वाटलं, आता हा वर जाऊन सांगणार. तो वाकला, टेबलाखालची केबल हलवल्यासारखं केलं आणि मला खेकसून म्हणाला की लूज आहे ही, पाय लावू नका. आणि गेला. इतकं बरं वाटलं मला ते खेकसणं.

शुक्रवारी अकोलेकराला बोलावणं आलं. आत काय झालं ते त्यानं नंतर सांगितलं. बाईंनी टिश्यूचा खोका सरकवला, मॅनेजर दाराला टेकले. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, अनुभवाचं पत्र आजच मिळेल का, त्यात माझ्या हुद्द्याचं नाव बरोबर लिहा, आणि माझं लॉगिन लिहायचं असेल तर शेवटी दोन टाका. मॅनेजर म्हणे रुसले. एवढी तयारी करून गेलेल्या माणसाला कोणी रडलं नाही की चुकल्या-चुकल्यासारखं होत असावं.

त्याच दिवशी दुपारी बाईंनी मला बोलावलं. त्यांना कोणी सांगितलं की काय, या विचारानं मी गेले, तर काम निराळंच होतं. सगळ्या कंपनीला कळवायची मेल त्यांनी लिहिली होती, त्यातलं इंग्रजी जरा बघून द्यायचं होतं. अमुक अमुक सहकारी नव्या संधींच्या शोधात आपल्या प्रवासाच्या पुढच्या टप्प्यावर निघाले आहेत, अशी सुरुवात होती. पुढे फॅमिली होती. मी तिथेच बसून सगळं खोडलं आणि एक वाक्य लिहून दिलं. खर्च कमी करण्यासाठी कंपनीनं आजपासून या लोकांना कामावरून कमी केलं आहे, त्यांच्या कामात कसूर नव्हती. बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, फारच ड्राय आहे गं. मी म्हटलं, व्याकरण बरोबर आहे. संध्याकाळी मेल आली त्यात प्रवास परत होता, टप्पाही होता. कसूर नव्हती, हा भाग मात्र त्यांनी ठेवला होता. का ठेवला ते मला कधीच कळलं नाही. घाईत राहिला असेल, किंवा तेवढं त्यांनाही लिहायचं असेल.

त्या दुपारी पाठवलेल्या एकाही अर्जाला उत्तर आलं नाही. माझं सगळं व्याकरण फुकट गेलं. काही महिने तो घरीच होता. आईवडिलांना त्यानं येऊ नका असं कळवलं नाही, आणि तेही ठरल्याप्रमाणे आले. वडील सकाळी फिरायला खाली उतरले की तोही ऑफिसला जातो म्हणून पँट-शर्ट घालून निघायचा आणि कर्वे रस्त्यावरच्या एका सायबर कॅफेत जाऊन बसायचा. वडिलांना सगळं पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ते त्यांनी त्याला नोकरी लागल्यावर सांगितलं. नोकरी लागली तीही अकोल्याच्याच एका वर्गमित्राच्या ओळखीनं, हिंजवडीला, आणि आधीपेक्षा थोडी कमी दर्जाची.

आमच्या मॅनेजरना कंपनीनं पुन्हा अमेरिकेत पाठवलं. त्यांच्या निरोपाला केक होता. मी आणखी दोन वर्षं तिथे राहिले आणि मग स्वतःच सोडलं. कारण असं सांगण्यासारखं काही नव्हतं, कंटाळा आला होता. खुर्ची त्या पाठदुखीच्या मुलीला दिली.

त्याला नोकरी लागल्यावर त्यानं आम्हाला वारज्याला जेवायला बोलावलं होतं. त्याच्या आईनं डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला वऱ्हाडी गोळाभात केला होता, वर फोडणीचं तेल. यजमानांनी दोनदा मागून घेतला आणि एकदाही खवचट बोलले नाहीत, म्हणजे त्यांना खरोखर आवडला असणार. जेवताना आईंनी मला गोत्र विचारलं, मग कुलदैवत, मग मूळ गाव. आडनाव एकच, तर कुठेतरी नातं निघेल अशी त्यांना आशा होती. तिन्ही गोष्टी वेगळ्या निघाल्या. त्यांना जरा वाईट वाटलं. मग म्हणाल्या, असू द्या, आणि माझ्या पानात आणखी एक गोळा वाढला.